शंभर कड्यांतल्या पाच

मी जरीब. जमीन मोजायची जुनी लोखंडी साखळी. तुम्ही मला पाहिलं नसेल, आणि पाहिलं असेल तरी बैल बांधायची साखळी समजून पुढं गेला असाल. काही हरकत नाही. मला कोणी नीट पाहू नये असंच मला साठ वर्षं वाटत आलं. नीट पाहिलं की माणूस मोजायला लागतो. आणि मला मोजलेलं चालत नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. हिशेब एकच येतो, शंभराचा. शंभर कड्या म्हणजे एक जरीब, सहासष्ट फूट. रुंदी एक जरीब, लांबी दहा जरीब, की झाला एकर. एवढ्याच विद्येवर मी सौंसरकडची कितीतरी वावरं फिरले.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते आठवत नाही. आठवतं ते पोत्याचं अंधारं पोट आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनावरचा गलका. तिथून बैलगाडीनं मी लोधीखेड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी आले. गावचे पटेल भैय्याजी यांनी मला मागवलं होतं. त्यांनी मला अंगणात पसरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि म्हणाले, "लांब हाय बापा, माह्या सासूच्या जिभेसारखी." सगळे हसले. तेव्हा माझ्या शंभरही कड्या जाग्यावर होत्या. दर दहा कड्यांनंतर एक पितळेची फुली होती, म्हणजे मोजणाऱ्याला सोपं जावं.

ते दिवस बरे होते. मला धरायला दोन माणसं लागतात, एक पुढं ओढायला, एक मागं धरायला. माणसांचे स्वभाव मला तिथंच कळले. वावर विकणारा मला थोडी सैल धरायचा, कारण साखळी लहान पडली की जमीन जास्त भरते. घेणारा मला ताण-ताण ताणायचा. दोघंही तोंडानं देवाचं नाव घ्यायचे. मी मधे लोंबकळत राहायची. पण खोटी नव्हते हो. सैल धरलं तरी मी शंभरच होते.

मग ते पोळ्याचं साल आलं. साठ-बासष्टचं असेल.

भैय्याजींचा चांद्या नावाचा बैल तोरणाखाली पहिला उभा राहायचा. त्याच्या गळ्यात पितळेची मोठी घंटा. निघायच्या वेळी घंटेची साखळी तुटली. वाजंत्री दारात येऊन थांबलेली. भैय्याजींचा मुलगा भिवाजी तेव्हा नुकताच लग्न झालेला, वीस-एकवीस वर्षांचा गडी होता. शाळा पाहिलेली नाही, पण हात कामाचे. तो म्हणाला, "बाबुजी, घंटी कायले अटकवू?"

भैय्याजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

"जरीबीच्या पाच कड्या काढ. उद्याचा तान्हा पोळा झाला का परत लावून देजो."

भिवाजीनं छिन्नी घेतली. माझ्या शेवटच्या फुलीच्या पुढच्या पाच कड्या निघाल्या आणि बैलाच्या गळ्यात गेल्या. मला दुखलं नाही. उलट वाटलं, चला, सणाच्या दिवशी कामी आले. दोन दिवसांचीच तर गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी पांढुर्ण्याला गोटमार पाहायला गेले. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णेवाले, त्या काठावर सावरगाववाले, आणि मधे दगडांचा पाऊस. ते रात्रीचा मुक्काम करून तिसऱ्या दिवशी परत आले, तर दारात सरकारी मोजणीसाहेब बसलेला. त्याच्या पायाशी एक नवी साखळी. चकचकीत, वीस मीटरची.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "पटेलसाहेब, आता देशभर मीटर लागू झालं. शेर, वार, एकर सगळं जाणार. गावाला समजावून सांगायचं आहे. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

पारावर सभा भरली. मलाही नेलं. साहेबानं मीटर म्हणजे काय ते सांगितलं, आणि तिथंच पहिली ठिणगी पडली. अंबाबाई नावाची कोष्ट्याची बाई पुढं आली. तिनं विचारलं, "साहेब, माहं नऊ वाराचं लुगडं तुमच्या मीटरनं किती भरन?"

साहेबानं हिशेब केला. "आठ. आठाच्या थोडं वर."

"अन् माहा येक वार कोनं खाल्ला?"

सगळा पार हसला. साहेब समजावत होता की लुगडं तेवढंच राहतं, फक्त माप मोठं झालं. पण हसण्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू जातो? मागून एक जण ओरडला, "लुगड्यातला वार खाल्ला, आता वावरातला एकर खाईन!" आणि हसणं थांबलं. मी पाहिलं, एका क्षणात सगळ्यांचे चेहरे बदलले. जमिनीचं नाव निघालं की माणूस हसत नाही.

भैय्याजी उठले. निवडणूक दोन महिन्यांवर होती. त्यांना गर्दीचा वास कळायचा. त्यांनी मला दोन्ही हातांनी वर उचललं. "लोकहो, हे एकर आपल्या बापजाद्यानं कसले. या जरीबीनं मोजले. मीटर कोनाच्या बापानं कसलं? सांगा!"

टाळ्या पडल्या. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण साहेब हुशार होता. तो म्हणाला, "भांडण कशाला? दोन्ही साखळ्या शेजारी-शेजारी ठेवू. तुमची सहासष्ट फूट, म्हणजे माझ्या साखळीपेक्षा अर्धी वीत मोठी भरली पाहिजे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाहू."

आता काय सांगू तुम्हाला. भैय्याजींच्या हातात मी होते. त्यांनी माझं तोकडं टोक मुठीत लपवलं ते मला कळलं. त्यांना पाच कड्या आठवल्या. मलाही आठवल्या. त्या दिवसापासून जी भीती माझ्या लोखंडात शिरली ती आजवर निघाली नाही. मी अर्धी वीत मोठी भरणार नव्हते. मी दोन हात कमी भरणार होते. सगळ्या गावासमोर.

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. बैलाच्या गळ्यात आहेत हो पाच कड्या, आणतो आत्ता. एवढंच वाक्य. लोक हसले असते आणि विसरले असते. पण हजार माणसांनी टाळ्या वाजवल्यावर एवढं साधं वाक्य माणसाच्या तोंडून निघत नाही.

भैय्याजी म्हणाले, "माही जरीब देवापाशी राह्यते. दसऱ्याले तिची पूजा होते. तिले कोनत्याबी साखळीच्या बाजूले निजवाची नाही."

मी देवापाशी कधी राहिले नव्हते. गोठ्यात खुंटीला असायची. पण लोकांनी जयजयकार केला. कोणीतरी कुंकू आणलं. साहेब आपली चकचकीत साखळी गुंडाळून निघून गेला. पुढं त्याला वरूनच निरोप आला म्हणे, की निवडणुकीच्या तोंडावर गावं नाराज करू नका. देशाचं मीटर आमच्या गावात हरलं. लोक म्हणतात भैय्याजींच्या भाषणानं हरलं. मला माहीत आहे, ते पाच कड्यांनी हरलं.

भिवाजीनं संध्याकाळी विचारलं, "बाबुजी, कड्या परत लावू का?"

"लोहाराकडं गेला का गावभर होईन. निवडणूक होऊन जाऊ दे."

निवडणूक झाली, भैय्याजी सरपंच झाले. भिवाजीनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच. पुढची होऊन जाऊ दे. मग त्यानं विचारणं सोडलं. चांद्या म्हातारा होऊन गेला, तेव्हा ती घंटा माझ्या पाच कड्यांसकट घराच्या दाराला टांगली. आल्या-गेल्यानं कडी ओढायची, घंटा वाजवायची. सभेनंतर मला गोठ्यातून आणून दारासमोरच्या भिंतीवर टांगलं होतं, त्यामुळं त्या कड्या दिवसातून वीसदा माझ्या डोळ्यांसमोर हलायच्या. सगळं गाव त्यांना हात लावायचं आणि कोणालाच त्या दिसायच्या नाहीत.

पण खरी वाईट गोष्ट पुढंच आहे.

निवडणुकीनंतरच्या हिवाळ्यात सरकारनं भूमिहीनांना जमिनीचे पट्टे दिले. वीस घरांना. त्यातलं एक घर शालिकरामच्या वडिलांचं, शालिकराम तेव्हा पाळण्यात होता. बौद्ध वस्तीतले, दुसऱ्याच्या वावरात राबणारे. त्यांना दोन एकर मिळाले, नाला आणि गाडीवाट यांच्या मधली पट्टी. रुंदी जुन्या दगडांनी ठरलेली होती, चार जरीब. लांबी पाच जरीब मोजून द्यायची होती. पूर्वेच्या दगडापासून भैय्याजींच्या बगीच्याकडं.

मोजायला गावात मी एकटीच.

माणसानं मला पाच वेळा पसरलं. दरवेळी मी पाच कड्यांनी कमी पडले. मी ओरडत होते हो, कड्या वाजवत होते. लोखंड वाजलं की लोकांना वाटतं काम चाललंय. पाचव्या जरीबीच्या टोकाला बांध घातला गेला. साडेसोळा फूट अलीकडं. ती साडेसोळा फुटांची पट्टी भैय्याजींच्या बगीच्यात राहिली आणि तिच्यावर संत्र्यांची एक ओळ उभी राहिली. तेरा झाडं.

शालिकरामचे वडील माझ्या पाया पडले. आजही तो स्पर्श आठवला की मला कसंतरी होतं.

आणि मग सरकारनं कागद बदलले. जमीन कोणी पुन्हा मोजली नाही. कोण मोजणार? माझंच माप कागदावर होतं, तेच हेक्टरमध्ये उतरवून घेतलं. दोन एकराचं झालं शून्य पॉइंट आठशे नऊ. बरोबर आहे तो आकडा, दोन एकराचाच आहे. पण आमच्याकडं एकराचे शंभर भाग करतात आणि त्याला डिसमिल म्हणतात. पॉइंटच्या पुढं ऐंशी दिसलं की आमच्या माणसाच्या तोंडी आपोआप ऐंशी डिसमिल येतं. एक एकरही नाही.

शालिकरामचे वडील जमिनीची नवी सरकारी पुस्तिका घेऊन पळत आले. भैय्याजींनी वाचली. त्यांना हेक्टर कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "पाह्य, मीटरनं तुहे दोन एकर खाल्ले, ऐंशी डिसमिल ठेवले. पन जागेवर जरीबीचे दोन एकर हायेत ना? तू गुपचूप खाय. फक्त कधी मोजनी नको बोलावू."

झालं. त्या दिवसापासून ते घर घाबरून राहू लागलं. आपल्याकडं कागदापेक्षा जास्त जमीन आहे, कोणी मोजली की जाईल. विहिरीची योजना आली, त्यांनी अर्ज केला नाही, कारण पुस्तिका दाखवावी लागली असती. बांध ढासळला तर होता तिथंच, बोटभरही न हलवता घातला. आणि दर निवडणुकीला भैय्याजी वस्तीत जाऊन म्हणायचे, "माही जरीब हाय तवरी तुमचं वावर हाय." मतं पडायची. ज्यांचं मी खाल्लं होतं तेच मला जपत होते.

भैय्याजी गेले. शालिकरामचे वडीलही गेले. मी भिंतीवर टांगलेली राहिले.

आता मी भिवाजीच्या ताब्यात आहे. तो त्र्याऐंशीचा झालाय. पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसरहून चौपदरी रस्ता गेला, पण हा माणूस रोज सकाळी खाटेवर बसतो, मला मांडीवर घेतो आणि तेलाचं बोट फिरवत एक-एक कडी मोजतो. पंच्याण्णवावर त्याचं बोट थांबतं. तिथं तो थोडा वेळ बसतो. मग मला परत टांगतो. साठ वर्षांत आम्ही दोघं याबद्दल एक शब्द बोललो नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी दारातली घंटा जोरात वाजली. शालिकराम आला होता. बासष्टचा असेल आता. कडी त्याच्या मुठीतच होती, सोडायचं भान नव्हतं.

"काका, हाव का घरी?"

"ये शालिक. बस. चहा घेतं?"

"चहा नोको काका. पोरीनं घोळ करून ठेवला." तो उंबऱ्याशीच टेकला. "मोनालीनं तहसीलीत मोजनीचा अर्ज देल्ला. मले न इचारता. बुधवारी मशीन येऊन राह्यली."

भिवाजीचं बोट माझ्यावर होतं. ते मोजता मोजता चुकलं. आणि मी? माझ्या सगळ्या कड्या एकदम किणकिणल्या.

"तुमच्या बाबुजीनं आमाले दोन एकर देल्ले," शालिकराम म्हणाला. "कागदावर ऐंशी डिसमिल. मशीन सांगन, वरची एक एकर वीस डिसमिल सोड. मंग मी काय करू? बाबा मरताना सांगून गेले, काहीबी कर, पन मोजू नोको."

मागोमाग मोनाली आली. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळाच्या विभागात आहे. दिवसभर पाइप मीटरनं मोजणारी पोरगी. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, किती डाव सांगू? ते डिसमिल नाही, हेक्टर आहे. पॉइंट आठशे नऊ हेक्टर म्हणजे पुरे दोन एकर. तुमचं काहीच जाऊन नाही राह्यलं."

"तुह्या आजोबाले पटेलानं सोता वाचून सांगतलं होतं. थे काय खोटं बोलले?"

मोनालीनं भिवाजीकडं पाहिलं. भिवाजीनं मान खाली घातली.

तेवढ्यात भिवाजीचा नातू वैभव मोटारसायकल लावून आत आला. त्याला यंदा जनपद पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचंय. कुरता इस्त्रीचा आणि मोबाइल दोन. त्यानं सगळं ऐकलं आणि हसला.

"मोनालीताई, कायले बाबाच्या जिवाले घोर लावतं? मोजलं तर तुमचंच जाईन ना."

"जाईल तर जाईल. मंग तू काहून घाबरतं?"

"मी? मी त घाबरून नाही राह्यलो." त्यानं मला भिवाजीच्या मांडीवरून उचलायला हात पुढं केला. "उलटं मीच आजोबाची जरीब घेऊन येतो बुधवारी. मशीन येकीकडं, जरीब येकीकडं. सगळ्या लोकाईसमोर. व्हिडिओ काढू. मीटरवाल्याले साठ वर्स आदी हरवलं, आताबी हरवू."

"वैभव," भिवाजी म्हणाला, "राहू दे तिले."

"आबाजी, तुमाले राजकारन नाही समजत."

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लोखंडाला झोप नसते. भिवाजी रोज मोजायचा आणि पंच्याण्णवावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायचा. मला वाटायचं, हा मला विहिरीत टाकेल तर बरं. कधी वाटायचं, टाकू नको रे बाबा. गंजायचीही भीती आणि मोजून घ्यायचीही भीती. दोन्ही भीती एका वेळी असू शकतात, हे मला या वयात कळलं.

बुधवारी सकाळी निम्मं गाव बांधावर आलं. वैभवनं मला हार घातला होता, झेंडूचा. पटवारी कुलदीप नावाचा शांत पोरगा होता. त्याच्या हातात एक काठी, वर पालथ्या वाटीसारखं डोकं, हीच ती मशीन. तो दगडापाशी उभा राहिला, मग दुसऱ्या दगडापाशी, मग बांधाच्या दोन्ही टोकांना. ना ओढणं, ना ताणणं. मी आयुष्यभर वावरातून फरफटत गेले आणि ही बाई नुसती उभी राहून मोजते.

कुलदीपनं आकडा वाचला. "शून्य पॉइंट सातशे एकोणसत्तर."

शालिकराम खाली बसला. "घ्या. आता सत्याहत्तर डिसमिल झाली. ऐंशीबी नाही राह्यली."

"बाबा!" मोनाली त्याच्याशेजारी बसली. "ऐका. हे हेक्टर आहे. तुमच्यापाशी जागेवर पावणेदोन एकराच्या वरतं आहे. कोनी काढून नाही घेत. पन कागदावर आठशे नऊ, अन् जागेवर सातशे एकोणसत्तर. तुमच्यापाशी जास्त नाही बाबा. कमी आहे. दहा डिसमिल कमी."

तो तिच्या तोंडाकडं पाहतच राहिला. "कमी?"

"कमी."

साठ वर्षं जास्त आहे म्हणून घाबरलेल्या माणसाला कमी आहे हे कसं कळावं? त्यानं ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं.

वैभव पुढं आला, मोबाइल धरणाऱ्याला खूण करून. "मशीन खोटी हाय! अहो, ढग आले का टॉवर नाही भेटत, हे काय मोजन? जरीब लावा!"

"जरीब लावा!" मागचे ओरडले. त्यातले निम्मे वस्तीतलेच होते. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास, आणि मी मातीत तोंड लपवायला जागा शोधत होते.

मला पसरलं. एक जरीब. दोन. तीन. चार. पाच. माझं टोक बरोबर बांधाला टेकलं. एक बोटही इकडंतिकडं नाही. बांध माझ्याच खोट्यानं घातलेला, तिथं टेकणारच होते.

"पाच जरीब पुरी!" वैभवनं हात वर केले. "पाह्यलं? पुरे दोन एकर!" टाळ्या पडल्या. तशाच टाळ्या, पारावरच्या. मोनाली हातातल्या कागदाकडं पाहत राहिली. शालिकराम उठून हात जोडायला लागला. माझ्याकडं वळून. बापासारखाच.

तेव्हा मागून घंटा ऐकू आली.

गाडीवाटेनं भिवाजी येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दारावरची घंटा. प्रत्येक पावलाला ती वाजत होती, चांद्या चालायचा तशी. लोक आपोआप बाजूला झाले. घरापासून बांधापर्यंत या वयात चालत यायला त्याला बराच वेळ लागला असेल. म्हणजे मशीन आली तेव्हाच तो निघाला होता.

"आबाजी, हे काय आनलं?" वैभव म्हणाला.

भिवाजी खाली बसला. धापा टाकत होता. त्यानं माझं टोक हातात घेतलं. "शालिक, मोज."

"काय मोजू काका?"

"या शेवटल्या फुलीच्या समोर कड्या मोज. दहा पाह्यजे."

शालिकरामनं मोजल्या. एकदा. पुन्हा एकदा. "पाच हायेत."

"बाकीच्या पाच ह्या." भिवाजीनं घंटा पुढं केली. "मी सोता काढल्या. या हातानं. पोळ्याच्या दिवशी. बाबुजी म्हने, निवडणूक होऊ दे. मंग मीबी चूप रायलो. तू एवढ्या वेळा दाराशी येऊन ही कडी ओढली शालिक, अन् मी आतून पाहत रायलो. तुही दहा डिसमिल तुह्याच हातात राह्यत होती."

मोबाइल धरणाऱ्यानं हात खाली केला.

कुलदीपनं खिशातून तार काढून दिली. भिवाजीनं घंटा सोडवली आणि पाच कड्या माझ्या टोकाला बांधल्या. बोटं म्हातारी होती, पण कामाची होती. मला पुन्हा पूर्वेच्या दगडापासून पसरलं. या वेळी पुढचं टोक मोनालीनं धरलं आणि मागचं शालिकरामनं. पाचव्या वेळी मी बांधावर थांबले नाही. बांध ओलांडून बगीच्यात गेले, संत्र्याच्या पहिल्या ओळीच्या पलीकडं जाऊन थांबले. कुलदीपनं तिथं आपली काठी उभी केली, आणि मान हलवली. मशीनचं आणि माझं एक झालं.

"तेरा झाडं," भिवाजी म्हणाला. "अंबिया बहराची फळं हायेत. ह्या वर्सीची तूच तोड."

"आबाजी," वैभव दातओठ खात म्हणाला, "तुमी मले पाडलं."

"मी नाही पाडलं बापू. तुह्या पणज्यानं साखळी पुरी केली असती तं तू आज उभा राह्यला असता. मीबी."

शालिकराम झाडांकडं गेला नाही. तो बांधावरच बसला, भिवाजीच्या शेजारी. तो म्हणाला, "काका, बाबानं विहीर नाही खोदली हो. सगळी जिनगी नाही खोदली."

दहा डिसमिल परत देता येते. न खोदलेली विहीर कुठून आणून देऊ?

मोनालीनं जाताना मला कुलदीपच्या फितीनं मोजलं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून तारेला बांधलं: वीस मीटर अकरा सेंटिमीटर. ज्या मापाला घाबरून मी साठ वर्षं देवपण सोसलं, ते माप माझ्या अंगावर लिहिलंय. आणि सांगते, काही दुखलं नाही.

मग आता भीती गेली का? नाही गेली.

पट्टे वीस घरांना दिले होते. मी एकाच वावरात नव्हते कमी पडले. काल कलाबाई येऊन गेली, तिचा पट्टा नाल्याच्या पलीकडं आहे. दाराला घंटा नाही, म्हणून अंगणातून हाक मारली, "भिवाजीभाऊ, आमचंबी पाह्यता का?" तिचा मशीनवर विश्वास बसतो, पण मला शेजारी ठेवल्यावरच. तिच्या पट्ट्याच्या पुढं भैय्याजींचा बगीचा नाही. दुसऱ्याच एका गरिबाचं वावर आहे. तिथं मी काय सांगणार, आणि ते कोणाला सोसणार? ते आठवलं की कड्या पुन्हा वाजायला लागतात.

तुमच्याकडं माझ्यासारखं कोणी असेल, भिंतीवर, हार घातलेलं, तर एवढंच करा. हार काढा आणि कड्या मोजा. सगळ्यांसमोर मोजा. त्याला भीती वाटेल. वाटू द्या.

आत्ता सकाळ आहे. कलाबाईच्या वावरात जायचंय. भिवाजी खाटेवर बसलाय, मी त्याच्या मांडीवर. तेलाचं बोट फिरतंय. नव्वद. एक्याण्णव. पंच्याण्णवावर त्याचं बोट सवयीनं थांबलं. मीही थांबले.

मग तो हळूच म्हणाला, "शहाण्णव."